लाखबंद घडे

एकदा एका नदीकाठच्या गावात, जिथे धुके दुपारपर्यंत पाण्यावरून उठत नसे, काळ्या मिरीचा एक व्यापारी राहत होता. त्या राज्यात मालाचा सहावा हिस्सा जकातीत जाई. मात्र मुलांच्या शिक्षणासाठी घड्यात साठवलेली मिरी राजाने जकातीतून मुक्त केली होती. नाकेदार घड्याच्या तोंडावर लाखेची मोहर करी आणि घडा वृद्ध आचार्यांच्या आश्रमात राही.

व्यापाऱ्याने मुलीसाठी दरवर्षी एक, असे चौदा घडे ठेवले. मुलगी आचार्यांकडेच शिकली आणि सोळाव्या वर्षी पैलतीरावरच्या वैद्यशाळेत तिची निवड झाली. गाठोडे बांधून ती आश्रमाच्या दारात उभी राहिली. खाली घाटावर नाव धुक्यात डुलत होती.

व्यापारी म्हणाला, "दोन वर्षं थांब. सूट अठरा वर्षांपर्यंत आहे. अजून दोन घडे बिनजकातीचे बसतील."

"बाबा, वैद्यशाळा माझ्यासाठी थांबणार नाही."

"अगं, पण इतकी सवलत कोण सोडतं?"

मुलगी आचार्यांकडे वळली. "गुरुजी, आपण तरी बोला. आणि जरा लवकर बोला. आपण डोळे मिटून विचार करता तेवढ्यात नाव सुटेल."

आचार्य हसले. त्यांनी नाकेदाराला बोलावून शांतपणे सांगितले, "या चौदाही घड्यांची जकात घे."

 व्यापारी घड्यांसमोर आडवा उभा राहिला. "आचार्य, ही मुलीच्या शिक्षणाची ठेव आहे."

"कोणत्या मुलीच्या? शिकायला निघालेली दारात उभी आहे आणि घडे बंद आहेत. राजाने सूट मिरीला दिलेली नाही, हिच्या वाटेला दिली आहे. तीच वाट तुम्ही अडवलीत, तर घड्यात उरतो तो नुसता माल. मालावर जकात लागते."

व्यापारी घड्यांसमोरून बाजूला सरला. मग त्याने पहिल्या घड्याची लाख अंगठ्याने फोडली. चौदा वर्षे कोंडलेला वास आश्रमभर पसरला आणि आचार्यांना लागोपाठ तीन शिंका आल्या. मुलगी खळखळून हसली.

नावाड्याला भाड्यापोटी ओंजळभर मिरी व्यापाऱ्याने स्वतः दिली. बाकीचे घडे नावेत चढले. नाव धुक्यात विरून गेली तरी तो काठावर उभाच होता, आणि त्याच्या बोटांना मिरीचा वास येत होता.

मुलीच्या शिक्षणाच्या नावाने ठेव ठेवून कर वाचवणाऱ्यांनी, ती मोडायची वेळ कोणती, हे एकदा मुलीलाच विचारावे.