इवलीचे जांभळे करवंद आणि देवीचे पांढरे कापड

डोळे मिटले तरी चालेल. कान मिटू नका.

एक होती राई. राईत होते देऊळ. देवळात होती देवी. लहानशी, दगडाची, शांत.

त्या राईत राहत होती एक चिचुंद्री. तिचे नाव इवली. इवलीचे नाक लांब. शेपूट बारीक. अंगाला वास. सगळे नाक धरत. देवी नाक धरत नसे.

म्हणून देवीची एक सेवा इवलीकडे होती. देवीचे पांढरे कापड जुईच्या झुडपावर वाळे. ते काढायचे. पाठीवर घ्यायचे. तुरु तुरु देवळात न्यायचे. देवळातली तान्हूबाई गुरवीण ते पाटावर अंथरी. त्यावर देवी बसे. मग तिन्हीसांजेला दिवा लागे.

कापड नाही, तर आसन नाही. आसन नाही, तर दिवा नाही. असा त्या राईचा नेम.

आणखी एक नेम होता. पहिले करवंद देवीचे.

एका सकाळी राईत धुके होते. झाडे निजल्यासारखी. पाने ओली, गप्प. इवली कापड घेऊन निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. वाटेत करवंदाची जाळी. जाळीत एकच करवंद पिकलेले. काळेभोर. गोल.

इवलीने इकडे पाहिले. तिकडे पाहिले. कापड खाली ठेवले. त्यावर बसली. करवंद तोंडात टाकले.

टप्.

रस सांडला. पांढऱ्या कापडावर जांभळा डाग.

वरून साळुंकी म्हणाली, "अगं, डाग घडीच्या आत घाल. कोण बघतंय?"

इवली म्हणाली, "देवी त्याच्यावर बसते." आणि कापड उचलून ती ओढ्याकडे निघाली.

तुरु तुरु, तुरु तुरु.

ओढा वाहत होता. झुळु झुळु, झुळु झुळु. इवली म्हणाली,
"देवीचे कापड, पांढरे कापड.
करवंद सांडले, डाग पडला.
डाग काही जाईना.
ओढेदादा, कापड धू."

ओढा म्हणाला, "नुसत्या पाण्याने धूळ जाते. हा डाग जात नाही. फेस आण, मग धुतो."

तुरु तुरु, तुरु तुरु.

तान्हूबाई अंगणात चुलीपाशी बसली होती. मागे न वळताच म्हणाली, "आधी वास आला, मग तू आलीस. बोल गं बाय." इवली म्हणाली,
"देवीचे कापड, पांढरे कापड.
करवंद सांडले, डाग पडला.
ओढा धुवेना,
डाग काही जाईना.
तान्हूबाई, फेस कर."

तान्हूबाईने इवलीच्या जांभळ्या मिशा पाहिल्या. मग म्हणाली, "चूल आहे. मडके आहे. रिठा संपला. दुसरे काही मी देवीच्या कापडाला लावत नाही. रिठे आण, मग फेस करते."

तुरु तुरु, तुरु तुरु.

रिठ्याचे झाड उंच होते. शेंडा धुक्यात बुडालेला. इवली म्हणाली,
"देवीचे कापड, पांढरे कापड.
करवंद सांडले, डाग पडला.
फेस होईना,
ओढा धुवेना,
डाग काही जाईना.
झाडोबा, रिठे दे."

झाड म्हणाले, "रिठे आहेत. वाळलेले आहेत. पण मी आपणहून हलत नाही. वारा आण, मग देतो."

तुरु तुरु, तुरु तुरु.

वारा दरीत निजला होता. घूं, घूं. इवली म्हणाली,
"देवीचे कापड, पांढरे कापड.
करवंद सांडले, डाग पडला.
रिठा गळेना,
फेस होईना,
ओढा धुवेना,
डाग काही जाईना.
वारेदादा, जागा हो."

वारा कुशीवर वळला. म्हणाला, "अंग गार पडले आहे. ऊन आण, मग उठतो." आणि पुन्हा घूं, घूं.

आता चढण होती. इवली दमली. थांबली नाही. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

ऊन कड्यावर बसले होते. पिवळे, कोवळे. इवली म्हणाली,
"देवीचे कापड, पांढरे कापड.
करवंद सांडले, डाग पडला.
वारा जागेना,
रिठा गळेना,
फेस होईना,
ओढा धुवेना,
डाग काही जाईना.
ऊनबाळा, खाली ये."

ऊन म्हणाले, "मी केव्हाचा आलो आहे. खाली वाट दिसत नाही. धुके आडवे पसरले आहे. त्याला उठव, मग येतो."

इवली धुक्यात शिरली. वर पांढरे. खाली पांढरे. आपलेच पाय दिसेनात. इवली हळूच म्हणाली,
"देवीचे कापड, पांढरे कापड.
करवंद सांडले, डाग पडला.
ऊन येईना,
वारा जागेना,
रिठा गळेना,
फेस होईना,
ओढा धुवेना,
डाग काही जाईना.
धुकेआजी, ऊठ ना."

धुके म्हणाले, "उठेन. पण मला एक सांग. करवंद सांडले म्हणतेस. ते जाळीवरून सांडले, की तोंडातून?"

इवलीने मिशा चाटल्या.

धुके म्हणाले, "माझ्यात सगळे लपते. डोंगर लपतो. तुझा डागही लपेल. लपवायचा असेल, तर मी अशीच पडून राहते. सांगायचे असेल, तर उठते."

इवलीने कापडाकडे पाहिले. डाग खरेच दिसत नव्हता. धुके मऊ होते. तिथे झोपही छान लागली असती.

पण धुके राहिले, तर ऊन नाही. दिवाही नाही. पाटावर देवी एकटी, अंधारात.

इवली म्हणाली, "तोंडातून. पहिले करवंद देवीचे होते. ते मी खाल्ले. तिच्याच कापडावर बसून खाल्ले."

मग?

मग धुके उठले. हळू, हळू, हळू.

ऊन आले. लख्ख.

वारा जागला. सूं सूं.

रिठा गळला. खुळु खुळु, टप टप टप. वाऱ्यानेच रिठे अंगणापर्यंत घरंगळत नेले.

तान्हूबाईने रिठे फोडले. काळ्या बिया काढल्या. साली मडक्यात टाकल्या. वर पाणी. खाली मंद जाळ. रट रट, रट रट. पाणी तांबूस झाले. तिने मडके उतरवले. पाणी निवू दिले. साली हाताने कुस्करल्या. फडक्यातून पाणी गाळले. थोडे घुसळले. फस फस, फस फस. फेस झाला.

उरलेले पाणी तिने बरणीत भरले. म्हणाली, "पुढच्या धुण्याला होईल." ती काहीच वाया घालवत नसे.

इवलीने कापडाला फेस लावला. स्वतः चोळले. डाग तिचा होता. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. ओढ्याने धुतले. झुळु झुळु, झुळु झुळु. जांभळे पाणी वाहून गेले.

डाग गेला.

वाऱ्याने झुलवले. उन्हाने वाळवले. कापड पांढरे झाले. जुईसारखे.

दुपारच्या उन्हाने जाळीतले आणखी एक करवंद पिकले. इवलीने ते पाहिले. तोंडाला पाणी सुटले. तिने ते तोडले, पानात गुंडाळले आणि देवळात नेले. या खेपेला कापड पाठीवर होते आणि तोंड बंद होते.

तिन्हीसांज झाली. तान्हूबाईने कापड पाटावर अंथरले. देवी बसली. समोर करवंद ठेवले. दिवा लागला. इवली उंबऱ्याबाहेर, दूर बसली. तिने सगळे सांगितले. जाळीचे, डागाचे, मिशांचे.

तान्हूबाई म्हणाली, "मिशा मी सकाळीच पाहिल्या होत्या. सांगतेस कधी, तेवढे बघत होते."

इवलीने विचारले, "उद्या कापड कोण आणील?"

तान्हूबाईने देवीपुढचे करवंद उचलले. इवलीच्या चिमुकल्या हातावर ठेवले. म्हणाली, "हा प्रसाद. आता खा. आणि उद्या कापड तूच आण. वास तर तुझा येतोच. आज रिठ्याचा येतोय."

इवलीने करवंद खाल्ले. सावकाश. रस खाली सांडू दिला नाही.

बाहेर धुके पुन्हा उतरत होते. दिवा त्यातून दिसत होता. लहान, पिवळा, स्थिर. त्याच्याकडे बघत इवली घरी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

कापड वाळले. गोष्ट वाळली. दोन्हींची घडी घातली. आता निजा.