रथाच्या चढणीवरची एकच थाप

हे मला नीट आठवते आहे याची खात्री देता येत नाही. खानदेशातल्या त्या गावी रथाच्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या कौतिकबाबांनी आम्हा चार पाहुण्यांना ही हकिकत सांगितली, तेव्हा मी काहीच टिपून घेतले नाही. आयुष्य टिपणे काढण्यात गेलेल्या माणसाने! त्यामुळे शब्द इकडचे तिकडे झाले असतील.

चढण मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे. नदीकाठावरून भैरवाच्या देवळापर्यंत दीडशे पावले, फरसबंद, उभी. चैत्रात देवाचा लाकडी रथ माणसे दोराने ओढून वर नेतात. पायथ्यापर्यंत ढोल हवे तसे घुमतात. पुढे एकच ढोल, पावलाला एकच थाप, आणि वाजवणाऱ्याच्या कमरेला रथाचा दोर बांधलेला. रथ मागे आला तर त्याच्याबरोबर तोही जाणार.

पूर्वी असे बांधत नसत, म्हणे. तेव्हा भिवसन नावाचा म्हातारा वाजवी. एका थापेपलीकडे त्याला काही येत नव्हते. रथ मागे घसरू नये म्हणून चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडाचा ठोकळा, सरकवायला त्याचा मुलगा नथ्थू असे. एका वर्षी गावाने हौसेने सुभानजी नावाचा नामांकित ढोलवाला आणला. त्याचे टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, इतके झरझर चाले की डोळ्याला दिसत नसे, असे सांगतात.

“बाबा, हे वाजवणं की सुनेचं कांडण?” त्याने भिवसनला विचारले. लोक हसले.

“कांडणच आहे, भाऊ,” भिवसन म्हणाला. “पण आधी दोराला हात लावून बघ. मग वाजव.”

“हात दोराला लावू, तर ढोल काय नाकानं वाजवू?”

पुन्हा हशा झाला. ढोल सुभानजीकडे गेला.

अर्धी चढण लोक बेभान होऊन चढले. मग सुभानजीने एका थापेच्या जागी आठ बसवल्या. त्यातली एकही चुकली नाही, हे कौतिकबाबांनी दोनदा सांगितले. पण ओढणाऱ्या दोनशे माणसांतल्या ज्याने त्याने आपापली थाप धरली. पावले फुटली. दोर सैलावला. रथ थबकला आणि मागे येऊ लागला. नथ्थूने मोगरी घातली, ती फुटली. दुसरी घालायला तो वाकला, तो उठलाच नाही.

भिवसनने ढोल हिसकावून घेतला, दोराचा वेढा कमरेला घेतला आणि थाप दिली. एक. मग एक. माणसे सावरली. रथ थांबला, पुढे सरकला. चाक कशावरून तरी चढले आणि उतरले. मागे न बघताही ते त्याला दोरातून कळले, म्हणे. थाप चुकली नाही. चुकली असती तर रथामागून चढणारी बायापोरे चाकाखाली आली असती.

देवळाच्या दारात त्याने टिपरू खाली ठेवले.

“नथ्थूच ना?”



पुढच्या वर्षी सुभानजी न बोलावता आला. ओढणाऱ्यांसमोर उभा राहून म्हणाला, “बांधा मला.”

आजही वाजवणाऱ्याला बांधतात. आम्ही गेलो त्या वर्षी गोरख नावाचा माणूस वाजवत होता. रथ वर पोचल्यावर मी त्याच्या मागे उभा राहून, इतक्या गोंगाटात थाप कशी राखता, असे विचारले. तो कमरेची गाठ सोडत राहिला. मला तो उर्मट वाटला. बारा वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा त्याच्या बहिणीकडून कळले. गोरख जन्मापासून ठार बहिरा आहे.