शेपट्या मोजायची सभा

माणसांनी गटारं बांधायच्या फार आधी एका बांधात घूसआक्का सरपंच होती. वरच्या अंगाला तिचं आणि तीन उंदरांचं बीळ, अगदी खाली चिचुंद्रीचं. सभेत शेपटी वर करून मत द्यायचं. शेपट्या मोजायच्या, बाकी काही विचारायचं नाही, असा ठरावच होता.

एकदा वरच्यांसाठी नाला खणायचं निघालं. तो चिचुंद्रीच्या दारापर्यंतच येणार होता.

"आक्का, सगळी घाण माझ्या घरात येईल. माझा विरोध मांडा."

"तुझी शेपटी दिसली नाही," आक्का म्हणाली.

दिसणार कशी? ती चिचुंद्रीच्या थोरल्या पिल्लाच्या तोंडात होती. चारही पिल्लं एकामागे एक शेपट्या धरून चालत. सुटलं की हरवतं, म्हणून तिनंच तसं शिकवलेलं.

नाला झाला. आठ दिवसांत बीळ ओलं झालं आणि धाकटं खोकायला लागलं. पुढच्या सभेलाही ती सगळ्यांना घेऊन गेली.

"बांधाबाहेर पाणी जिरवायला शोषखड्डा करा, नाला तिथपर्यंत न्या."

"वरच्या चौघांचा विरोध," आक्का म्हणाली.

चिचुंद्रीनं मागं वळून पिल्लांची रांग पाहिली. मग ती म्हणाली, "सोडा रे बाळांनो. वर करा."

पाच शेपट्या वर झाल्या. आक्कानं दोनदा मोजल्या.

"ही तर पोरं आहेत."

"शेपट्याच मोजायच्या ना, आक्का?"

ठराव मंजूर झाला. सगळे घरी गेले. चिचुंद्रीनं पिल्लं मोजली, चारही होती. धाकटं मात्र खोकत, शेपटी वर धरून उभंच होतं. खाली कर असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.