इंगानं सोडलेले घोडे

एकदा काय झालं, सातासमुद्रापलीकडे गवताचा एक मुलूख होता. डोंगर नाही, झाड नाही, नुसतं गवत. त्या मुलखात लाकोटा लोक राहायचे. कातड्याचे तंबू ठोकायचे, रानगव्यांच्या मागं मागं फिरायचे. त्यांचा सरदार होता हेहाका. वयानं तरुण, पण तो बोलायला लागला की म्हातारेसुद्धा गप्प बसून ऐकायचे.

मग तिथं दूरदेशीचे गोरे लोक आले, नांगर घेऊन. जमीन कुणाची, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्यात एक होती इंगा. तिचे आईबाप वाटेत बोटीवरच गेले. आता ती आणि तिचा थोरला भाऊ तोरवाल, एवढेच. त्यांनी नदीकाठी मातीचं घर बांधलं, सतरा घोडे पाळले.

हेहाका त्या नदीवर यायचा. पहिल्यांदा आला, तेव्हा इंगानं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा आला, तेव्हा दारातून बघत राहिली. तिसऱ्यांदा तिनं भांडंभर पाणी पुढं केलं. तो प्यायला, पाण्याकडं बोट करून म्हणाला, "म्नी." इंगा म्हणाली, "म्नी." तो हसला. मग वर्षभर असाच एकेक शब्द जमत गेला, आणि शब्दांबरोबर जीवही जडला. तोरवालला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं, बरं का. कळलं असतं, तर त्यानं बंदूकच काढली असती.

मग एका दुपारी वणवा आला. तोरवाल गावाला गेलेला. इंगा धावली, तिनं आधी घोड्यांचं फाटक उघडलं. घोडे उधळले, धुरात दिसेनासे झाले. तेवढ्यात हेहाका आला, आणि त्यानं काय केलं? घरापुढचं गवत स्वतःच पेटवलं!

"वेड लागलं का तुम्हाला?" इंगा ओरडली.

"जळालेलं पुन्हा जळत नाही," तो म्हणाला. त्यानं तिला त्या काळ्या जमिनीवर ओढलं, स्वतःच्या घोंगडीत घेतलं. वणवा दोन्ही अंगांनी निघून गेला. दोघंही वाचली.

दुसऱ्या दिवशी तोरवाल परतला. बघतो तर घोडे नाहीत, आणि दारापुढच्या राखेत बिननालाच्या घोड्याच्या खुणा. बिननालाचा घोडा म्हणजे लाकोटांचा.

"हेहाकानं चोरले!" तो म्हणाला.

इंगानं तोंड उघडलं, आणि मिटलं. फाटकाचं सांगायचं तर घोंगडीचंही सांगावं लागणार. ती गप्प बसली. तोरवाल गेला फौजेकडं. कप्तान म्हणाला, "परवा दुपारपर्यंत घोडे आले नाहीत, तर त्यांच्या तळावर तोफ डागतो."

त्या तळावर म्हातारी माणसं होती, तान्ही मुलं होती. मग इंगानं भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्याला वाचवायला खोटं बोलतेस!" मग कप्तानाला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, घरी जा." तेव्हा ती निघाली, ती थेट लाकोटांच्या तळावर.

हेहाकाची आत्या सुरी घेऊनच पुढं आली. "हिलाच बांधून ठेवा. मग बघू तोफ कशी डागतात!"

हेहाकानं विचारलं, "घोडे कुणी सोडले?"

"मी."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले. घाबरले होते."

"तुझ्या गप्प बसण्यानं माझी माणसं मरतील, इंगा."

ती रडली नाही. म्हणाली, "म्हणून आले. घोडे शोधायला चला. नाहीतर आत्या म्हणतात तसं बांधा मला."

हेहाका आत्याला म्हणाला, "मुलाबाळांना ओढ्यात उतरव, तोफेपासून आडोसा होईल," आणि घोड्यावर बसला.

दोघं शोधू लागली. पहिल्या ओढ्याला पाणी नव्हतं. दुसऱ्या दरीत एक घोडा मरून पडला होता. तिसऱ्या घळीत वणवा पोचलाच नव्हता. तिथं हिरवं गवत होतं, आणि उरलेले सोळा घोडे चरत होते!

मग घोडे हाकत दोघं निघाली. मुदतीचा दिवस, सूर्य डोक्यावर आलेला. तळासमोरच्या टेकडीवर शिपाई आणि तोरवाल उभे, तोफेशेजारी पेटता काकडा. कप्तानानं बघितलं आणि ओरडला, "चोर मालासकट सापडला! नेम धरा!"

हेहाकानं धनुष्य खाली टाकलं, हात वर केले. इंगानं आपला घोडा त्याच्यापुढं घातला.

"बाजूला हो. गोळी तुला लागेल," हेहाका म्हणाला.

"लागू दे."

तेवढ्यात कळपातली एक म्हातारी घोडी ओळखीनं तोरवालजवळ गेली. त्यानं तिच्या आयाळीला हात लावला. आयाळ करपलेली! बोटांना राख लागली. म्हणजे घोडे वणव्यातूनच सुटलेले! त्याचा चेहराच उतरला. तो वळला आणि तोफेच्या तोंडापुढं जाऊन उभा राहिला.

"कप्तान, माझी बहीण खरं बोलत होती. आता डागायचीच असेल, तर आधी माझ्यावर डागा."

कप्तानानं दातओठ खाल्ले. मग काकडा विझवला.

"चल घरी," तोरवाल म्हणाला.

"दादा, मला यांच्याबरोबर जायचंय."

तोरवालनं त्या घोडीचा दोर बहिणीच्या हातात दिला. "आंदण समज," म्हणाला.

मग आत्यानं दोघांच्या खांद्यांवर मिळून एकच घोंगडी टाकली. झालं लग्न! पण फौज पुन्हा येणार, हे हेहाका जाणून होता. तळ हलला, सगळे उत्तरेला गेले. ती नदी सुटली, त्याचं त्याला फार लागलं. इंगाला तीन मुलं झाली. आत्या तिच्याशी भांडायची, आणि जेवायला बसताना पहिली तिलाच हाक मारायची. दर उन्हाळ्यात तोरवालमामा भाच्यांना भेटायला यायचा.

त्यांचं भलं झालं, तसं तुमचंही होवो. चला, आता डोळे मिटा बघू. आणि कुजबुज नको, मला सगळं ऐकू येतं.