गोजरा लोहारणीनं भट्टी विझवली

फार वर्षांपूर्वी सावळटेक गावात गोजरा नावाची लोहारीण राहायची. किती वर्षांपूर्वी, ते विचारू नका. गोष्टीला वय विचारलं की ती रुसते. तेव्हा गावात गिरण नव्हती, डाक्तर नव्हता, आणि विळा बोथट झाला की गोजराच्या नवऱ्याकडं, भैरू लोहाराकडं, जावं लागायचं. भैरू घण मारायचा आणि गोजरा भाता ओढायची. नाव भैरूचं व्हायचं, पण भट्टीचा जीव गोजराच्या हातात होता. तिचा कान असा तयार, की नुसत्या आवाजावरून ती सांगायची, भात्याचं कातडं कुठं विरलंय आणि नळीत किती राख साठलीय. रस्त्यानं जाणाऱ्या बैलाची धाप ऐकून ती गाडीवानाला घरातूनच शिव्या घालायची, असं म्हणतात. तोंडाची फटकळच होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

भैरूची भट्टी गावाच्या मधोमध, पाटलाच्या घराला लागून. तिचा विस्तव भैरूच्या आज्यापासून कधी विझला नव्हता. रोज संध्याकाळी निखारे राखेत पुरायचे आणि सकाळी फुंकून जागे करायचे. कुणाची चूल विझली की ती बाई खापरी घेऊन भट्टीवर यायची आणि विस्तव मागून न्यायची. अख्ख्या गावाला त्या विस्तवाचा अभिमान.

त्या साली पाटलाच्या घरी हौसा नावाची सून आली. पोरगी कामाला चपळ, हसायला पुढं, पण तिला दमा होता. बरी असली की चार बायकांचं काम उपसायची, आणि एखाद्या दिवशी छाती धरून भिंतीला टेकायची. छातीतून बारीक शीळ वाजायची, आणि दोन शब्द बोलायला चार वेळा थांबावं लागायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणठणीत. इथंच सगळा घोटाळा झाला. काल मरणाच्या दारात असलेली बाई आज डोक्यावर हंडा घेऊन येते म्हटल्यावर लोकांना वाटायचं, ही सोंगं करते. त्यात तिला धाप लागायची ती नेमकी कामाच्या घाईत. चूल धुरकटली की, झाडलोट निघाली की. तिची सासू पाटलीणबाई तशी वाईट बाई नव्हती हो. पण तिनं बजावून ठेवलं होतं, की यंदाच्या कांडपात हिनं अंग चोरलं तर गाडी जुंपायची आणि हिला माहेरी धाडायची, ती कायमची.

कांडप म्हणजे वर्षाची चटणी. चैत्रात आळीतल्या साऱ्या बायका पाटलाच्या सोप्यात उखळं मांडायच्या, आणि तिखट वाऱ्यानं उडू नये म्हणून दारं लावून घ्यायच्या. बोलता बोलता मिरच्यांचे ढीग संपायचे. हौसाला ठाऊक होतं आपलं काय होणार, पण माहेरच्या गाडीच्या धाकानं ती उखळापाशी गेली. पदर नाकाला बांधला आणि मुसळ उचललं. दुसरं उखळ भरेपर्यंत तिच्या हातातलं मुसळ गळून पडलं.

पाटलीणबाईची पाचावर धारण बसली. तिनं तेच केलं, जे गावात आजवर सगळे करत आले होते. छातीवर काहीतरी बसतं आणि ते धुरानं उठतं, असं गाव मानायचं. म्हणून हौसाला माजघरात निजवलं, दाराला कडी घातली, अंगावर दोन गोधड्या टाकल्या, आणि शेगडीवर कडुलिंबाचा पाला नि ओवा टाकून धुरी दिली. बायका भोवती बसून एकसारख्या म्हणत होत्या, श्वास घे गं, घे श्वास. प्रेमानंच म्हणत होत्या बिचाऱ्या.

एवढ्यात गोजरा धार लावलेली विळी द्यायला आली आणि अंगणातच थबकली. आतून येणारा आवाज तिच्या ओळखीचा होता. भात्याची नळी राखेनं तुंबली की असाच आवाज येतो. भाता भरलेलाच राहतो. आतली हवा निघत नाही, मग नवी शिरणार कुठं? या बाया भरल्या भात्यात आणखी हवा कोंबायला निघाल्या होत्या. गोजरानं दाराला खांदा लावला आणि कडीचे दोन तुकडे झाले, असं म्हणतात. कडी भैरूनंच घडवली होती, तेव्हा ती किती टिकणार हे बायकोला ठाऊक असणारच.

तिनं हौसाला उचलून अंगणात आणली. गोधड्या भिरकावल्या, शेगडी उकिरड्यावर ओतली. पोरीला पुढं वाकवून बसवलं आणि पाठीवर हात ठेवला. घटकाभर बरं वाटलं, आणि मग धाप दुप्पट झाली. गोजरानं मान वर केली. अंगणात धूर उतरत होता आणि तो तिच्याच भट्टीचा होता. भाता ओढणारी जागेवर नाही म्हणून कोळसा नुसता धुमसत होता. इतकी वर्षं रोज दुपारी हा धूर याच अंगणात उतरत होता, आणि गावभर तोंड वाजवणाऱ्या गोजराला तो कधी दिसला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हौसाची नखं निळी पडत चालली होती. गोजरा धावत भट्टीवर गेली, लोखंडाला पाणी पाजायची दगडी डोणी, जी दोन गड्यांना हलायची नाही, ती तिनं एकटीनं उपडी केली. तीन पिढ्यांचा विस्तव चर्र करून विझला. भैरूचा घण उचललेला तसाच राहिला. त्याचा हात संध्याकाळपर्यंत खाली आला नाही, असं म्हणतात.

"आज्याचा इस्तू इझवलास, गोजरा?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"इस्तू शेजारच्या गावातनं मागून आणता येईल," गोजरा म्हणाली. "हिचा श्वास कुणाच्या दारात मागू?"

मग तिनं भाता काढून खांद्यावर घेतला, हौसाला बाजेवर घातलं आणि चार बायकांकडून गावामागच्या टेकावर नेलं. तिथं हौसाला बसतं करून ती मागं बसली आणि हळूहळू भाता चालवू लागली. उघडताना थोडका, मिटताना लांब. "ह्याच्याबरोबर ये. थोडं घे, लांब सोड. घ्यायची घाई नगं, आधी सोड." हौसानं त्या आवाजाला कान लावला. ऊन कललं, गुरं घरी परतली, तरी गोजराचा हात थांबला नाही. त्या दिवशी पान हलत नव्हतं, पण त्या भात्यानं आधी टेकावरचं गवत हललं, मग झाडं हलली, आणि अखेर असा वारा सुटला की गावातला धूर, तिखट, सगळं ओढ्यापलीकडं वाहून गेलं, असं म्हणतात. दिवेलागणीला हौसा म्हणाली, "भूक लागलीया." गोजरा तिथंच ओक्साबोक्शी रडली.

पाटलीणबाई आली ती पदर तोंडाला लावून. तिनं विचारलं, आता माझी सून बरी झाली ना?

"न्हाई," गोजरा म्हणाली. "तिचा दमा हाय तो ऱ्हाणार. बरं व्हायचंय ते आपल्याला."

भैरू आठ दिवस बायकोशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं आपणहून ऐरण गाडीवर घातली आणि भट्टी ओढ्यापलीकडं, वारा गावावरून पुढं जातो त्या अंगाला, नेली. हौसाला कशानं धाप लागते, ते गोजरा वर्षभर तिला विचारत राहिली. धूर, भुसकट, पहाटेचं धुकं, आणि एकदा नुसतं भांडण. मग गावही विचारायला शिकलं. हौसा नातवंडांची लग्नं बघून गेली. दमा शेवटपर्यंत होता, माहेरची गाडी मात्र कधी जुंपली गेली नाही. गोजरा गेली त्या दिवशी खुंटीवरच्या भात्यानं आपणहून एक लांब श्वास सोडला आणि तो मिटला, असं म्हणतात.

आता सावळटेकला मिरची यंत्रावर कुटतात आणि दमेकऱ्यांच्या खिशात डाक्तरनं दिलेला पंप असतो. तरी चैत्रात कांडपाच्या दिवशी गाव सकाळी सगळ्या चुली विझवतं आणि टेकावर जातं. त्याला गोजराचा दिवस म्हणतात. त्या चढावर दमेकरी माणूस सगळ्यांत पुढं चालतं आणि बाकीचे मागं. सरपंच असो, नवा जावई असो, कुणी त्याला ओलांडत नाही. ते थांबलं की अख्खं गाव उन्हात उभं राहतं. एखादा परगावचा पाहुणा मागून विचारतोच, का थांबलो म्हणून. तेव्हा जवळची बाई पुढं थांबलेल्या दमेकरी पोरीकडं बघत त्याला हळूच सांगते, "दमानं घ्या, पाव्हणं. तिचा श्वास अजून सोडून व्हायचाय."