भिवरा साळीण आणि अंकुराईचा वसा

ऐका अंकुराई, तुमची कहाणी.

एक होतं आटपाट नगर. नगराला चार वेशी, वेशींच्या आत माळवदांची घरं. तिथं एक साळी राहत होता. माग चालवी, पंचे विणी, लुगडी विणी. त्याची बायको भिवरा. घरात सासू होती, सात वर्षांची लेक होती. तिचं नाव बकुळा. सगळी खाऊनपिऊन सुखी होती.

मग काय झालं? आश्विनात टोळधाड आली. आभाळ झाकोळलं, सूर्य दिसेना. टोळ शेतात उतरले, मळ्यात उतरले, परसात उतरले. भाजी खाल्ली, वेल खाल्ले, झाडांची सालं खाल्ली. वृंदावनातली तुळससुद्धा ठेवली नाही. वेशीवरचा एक कडुनिंब तेवढा राहिला, त्याला टोळांनी तोंड लावलं नाही. तीन दिवसांनी धाड उडून गेली.

धान्य पेवांत होतं म्हणून माणसं जगली. भाकरी होती, वरण होतं, पण ताटात हिरवं पान नव्हतं. पुन्हा पेरावं, तर टोळांची बिनपंखी पिल्लं मातीतून निघत आणि कोंब कुरतडून टाकीत. लोकांनी पेरलं, पिल्लांनी खाल्लं. परत पेरलं, परत खाल्लं. तिसऱ्यांदा पेरलं, तिसऱ्यांदाही खाल्लं. मग लोकांनी हात टेकले.

एक महिना गेला, दोन गेले, तिसरा लागला. नगरात दुखणं आलं. हिरड्यांतून रक्त येई, दात हलत, पायांतलं त्राण जाई. राजवाड्यात राजकन्येनं अंथरूण धरलं, साळ्याच्या घरी बकुळेनं धरलं. भाकरी चावेना, दुधात कुस्करून द्यावी तर तीही गिळवेना. वैद्य आला, नाडी पाहिली, म्हणाला, "बाई, हिला ओलं हिरवं काही द्या. तेच औषध." भिवरा म्हणाली, "मग द्या की!" वैद्यानं मान खाली घातली. म्हणाला, "माझ्या घरात असतं, तर माझी आई गेली नसती."

भिवरा उठली. घागर घेतली, नदीवर गेली, वाळूत बसून रडली. रडता रडता तिनं पाहिलं, पलीकडच्या काठावर तीन बाया बसल्या आहेत. तिघींची लुगडी हिरवीगार, तिघींच्या हातात ओल्या पुरचुंड्या. पुरचुंडी सोडतात, पाण्यात धुतात, परत बांधतात. आणि पुरचुंडीत काय? पांढरे पांढरे मोड!

भिवरा तशीच पाण्यात शिरली, गुडघाभर पाणी तुडवीत पलीकडे गेली. "बायांनो, बायांनो, हे काय करता?"

"आम्ही अंकुराईचा वसा वसतो."

"मला सांगा."

"तुला कशाला? चार दिवस करशील, कीड पडली की सोडून देशील."

"सोडणार नाही. माझी लेक निजून आहे. मला सांगा."

तेव्हा थोरली म्हणाली, "बुधवारी मूठभर मूग घ्यावे. निवडावे, धुवावे, भिजत घालावे. दुसऱ्या दिवशी उपसावे, फडक्यात बांधावे, टांगावे. दिवसातून तीनदा पाणी शिंपडावं, शिंपडताना 'अंकुराई, ये' म्हणावं." मधली म्हणाली, "मोड आले की पहिली मूठ शेजारी द्यावी, दुसरी आपण खावी. मग खापरांत मेथी पेरावी, धणे पेरावे, अळीव पेरावा." धाकटी म्हणाली, "कीड आली तर वेचावी, धुवावी, कडू पाल्यानं हटवावी. विष घालू नये. वाट पाहायला कंटाळू नये."

"आणि उद्यापन कसं करावं?"

तिघी हसल्या. "याला उद्यापन नाही. मागेल तिला बी द्यावं, वसा सांगावा."

भिवरा पळतच घरी आली. मडक्यात हात घातला, मूठभर मूग काढले. सासू ओरडली, "अगं अगं, पेरणीचं बियाणं ते! पाण्यात घालून नासतेस?"

"आत्याबाई, पेरतेच आहे. शेतात नाही, फडक्यात पेरते."

"फडक्यात कुणी पेरलंय आजवर?"

पण भिवरेनं मूग भिजत घातले. मायेपोटी तिनं काय केलं? एका दिवसाच्या जागी दोन दिवस पाण्यात ठेवले. झाकण काढलं तो आंबूस वास! मूग फसफसले होते. सासू म्हणाली, "झालं समाधान?" भिवरेनं मूग उकिरड्यावर टाकले.

दुसऱ्यांदा भिजवले, वेळेवर उपसले. नवऱ्यानं विणलेलं घट्ट धोतर होतं, त्याचा तुकडा घेतला, त्यात बांधले. सोडून पाहिलं तो पांढरी बुरशी! सासू या वेळी नुसती पाठ फिरवून आत गेली. ते भिवरेला जास्त लागलं.

ती मागाजवळ जाऊन बसली. नवरा धोटा फेकीत होता. त्यानं विचारलं, "काय झालं?" तिनं नासलेली पुरचुंडी पुढं केली. साळ्यानं कापड उजेडात धरलं, ताणून पाहिलं. म्हणाला, "वेडे, हे माझ्या हातचं कापड. यातून पाणी गळत नाही, मग वारा कुठून शिरणार? तुझ्या मुगांचा जीव गुदमरला." मग त्यानं मागावरचं काम बाजूला ठेवलं. सुतं लांब लांब धरून हातभर पंचा विणला. असा विरळ की पलीकडचा दिवा दिसावा!

तिसऱ्यांदा मूग भिजवले. उपसले, विरळ पंच्यात बांधले, खुंटीला टांगले. सकाळी शिंपडलं, दुपारी शिंपडलं, संध्याकाळी शिंपडलं. अंकुराई, ये. अंकुराई, ये. अंकुराई, ये. दुसरे दिवशी भिवरा उठली, पुरचुंडीजवळ गेली. हात लावायचा धीर होईना. मग बघते तो काय! पंच्याच्या छिद्राछिद्रांतून पांढरी टोकं बाहेर आलेली! एक नाही, दोन नाही, अंगभर!

"आत्याबाई! अहो आत्याबाई! आले!"

सासू धावली, नवरा धावला. पुरचुंडी सोडली. मूठभर मुगांचे तिप्पट झाले होते, नखाएवढे मोड, वास कसा कोवळा! भिवरेनं पहिली मूठ वाटीत घेतली आणि दाराकडे निघाली. सासूनं वाट अडवली. "घरची पोर निजून आहे, आणि पहिली मूठ परक्याला?"

"आत्याबाई, वसाच तसा आहे. शेजारची तांबटीण दोन महिने उठलेली नाही." असं म्हणून भिवरा निघाली. पण अंगण ओलांडताना तिचे पाय जड झाले हो! एकदा मागं वळून पाहिलं. मग पळत गेली, तांबटिणीच्या तोंडात आपल्या हातानं मोड घातले, पळत परत आली. दुसरी मूठ पाट्यावर वाटली, बकुळेला चाटवली.

रोज वाटून चाटवी. आठ दिवसांनी रक्त थांबलं. पंधरा दिवसांनी बकुळा भिंतीला टेकून बसली. विसाव्या दिवशी भिवरा चुलीपाशी होती. मागून आवाज आला, कट्ट! वळून बघते तो बकुळेनं भाकरीचा काठ दातांनी मोडला होता! भिवरेनं हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि लेकीला पिठाच्या हातांनी उराशी धरलं.

आता भिवरेला हुरूप आला. फुटकी मडकी आणली, खापरं आणली, बुडाला भोकं पाडली, माती भरली, माळवदावर मांडली. टोळांच्या पिल्लांना पंख नव्हते, माळवदावर चढता येईना. तिनं धणे हातानं रगडून पेरले, मेथी पेरली, अळीव पेरला. चौथ्या दिवशी अळीव वर आला, मग मेथी आली, धण्यांनी मात्र बारा दिवस वाट पाहायला लावली. सगळ्या नगरात तेवढं एक माळवद हिरवं! रस्त्यानं जाणारी माणसं थांबत, वर बघत.

आणि एक दिवस कोथिंबिरीचे शेंडे वाकडे झाले. भिवरेनं पान उलटलं. खाली बारीक बारीक हिरवा मावा चिकटलेला, मोहरीएवढा, पण किती!

राजाचा माळी रस्त्यानं जात होता. तो म्हणाला, "साळीणबाई, माझ्याजवळ सोमल आहे. जालीम जहर! चिमूटभर पाण्यात घाला, उद्या एक किडा राहणार नाही."

"नको दादा. जे किड्याला मारतं, ते माझ्या लेकीच्या पोटात जाणार."

भिवरेनं सकाळी पाण्याच्या धारेनं पानं धुतली. अर्धा मावा वाहून गेला, दोन दिवसांत पुन्हा आला. मग तिला वेशीवरचा निंब आठवला. टोळांनी ज्याला तोंड लावलं नाही, त्याला मावा काय लावील! पाला आणला, उकळला, निववला, पानांच्या खालून शिंपडला. पुष्कळ मावा गेला, पण शेंड्यांत थोडा चिकटून राहिला. आता काय करावं? आता काही करायचं उरलं नव्हतं. वाट पाहायची उरली होती, आणि तीच अवघड होती. ती रोज शेंडे मोजी, रोज दोन सुकलेले निघत. माळी रस्त्यावरून विचारी, "आणू का?" भिवरा "नको" म्हणे, पण आवाज बारीक होत चालला होता.

पाचव्या दिवशी ती शेंड्यापाशी वाकली. तिथं एक तांबडा किडा, मसुराच्या डाळीएवढा, पाठीवर काळे ठिपके. आता ही कोणती नवी कीड, म्हणून तिनं चिमटीत धरायला हात नेला. तेवढ्यात त्या किड्यानं मावा तोंडात धरला आणि खाल्ला! दुसरा खाल्ला! तिसरा खाल्ला!

"बकुळे, वर ये! लवकर ये! खातोय गं, मावा खातोय!"

दोघी मायलेकी पोटावर पडून बघत राहिल्या. दुसरे दिवशी असे सात किडे आले. आठ दिवसांत शेंडे सरळ झाले.

ही वार्ता राणीच्या कानी गेली. राणीनं भिवरेला बोलावलं. "भिवरे, माझी लेक उठत नाही. मला तुझा वसा सांग."

"राणीसाहेब, घ्याल, आणि कीड पडली की टाकाल."

"टाकणार नाही."

भिवरेनं वसा सांगितला, बी दिलं, विरळ पंचा दिला. राणीनं मूग भिजवले, राजकन्येला चारले, ती उठून बसली. मग राणीनं चाळीस खापरं मांडली. सगळी हिरवीगार झाली. तसा राणीला ताठा चढला. पहिली मूठ शेजारी द्यायची ती देईना. म्हणाली, "राजवाड्याला शेजार कसला?"

मग तिच्या खापरांवर मावा आला. भिवरेनं निरोप धाडला, धुवा, निंब शिंपडा, थांबा. राणी म्हणाली, "साळीण थांबेल, राणीनं का थांबावं?" माळ्याला हुकूम केला. माळ्यानं सोमल घातला. सकाळी मावा मेला, तांबडे किडेही मेले, मधमाशा मेल्या. राणी म्हणाली, "बघा, एका दिवसात!" कोथिंबीर खुडली, धुतली, वाटी भरून राजकन्येकडे धाडली.

तोच अंगणातलं पाळलेलं हरीण खापराला तोंड लावून चार पावलं गेलं आणि कोसळलं. राणीनं पाहिलं. दासी जिना चढत होती. राणी धावली, पदराचं भान नाही, पायांत वहाण नाही, ओरडत धावली, "थांब! देऊ नकोस!" राजकन्येनं वाटीतलं पान ओठांशी नेलं होतं. राणीनं हाताचा फटका मारला, वाटी खणकन भिंतीवर गेली.

वाचली, बायांनो, वाचली! पण पुढं काय झालं? आठ दिवसांत मावा परत आला, आणि दुपटीनं आला, कारण त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं. राणीची चाळीस खापरं काळी पडली. तिनं मूग भिजवायचंही सोडलं, पाण्यालाही हात लावायला भिऊ लागली. राजकन्येच्या हिरड्यांतून पुन्हा रक्त आलं.

मग राणी पायीच साळ्याच्या घरी आली. उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "भिवरे, मी उतावीळ झाले. माझ्या हातून लेक जात होती."

भिवरेला राग आला होता, हरणासाठी आला होता, मधमाशांसाठी आला होता. पण समोर एक आई उभी होती. ती म्हणाली, "राणीसाहेब, आत या. आधी हे मोड लेकीला न्या. माझ्या घरची आजची पहिली मूठ आहे."

मग भिवरा राजवाड्यात गेली. चाळीस खापरांतली विषारी माती काढवली, विहिरीपासून लांब खोल पुरवली. खापरं फोडवली. नवी आणली, नवी माती भरली. राणीनं स्वतःच्या हातांनी धणे रगडले, नखांत माती गेली. मेथी आली, अळीव आला, कोथिंबीर आली. आणि मावाही आला. राणीनं भिवरेकडे पाहिलं. भिवरा म्हणाली, "धुवा." तिनं धुतलं. "निंब शिंपडा." तिनं शिंपडला. मग भिवरेनं द्रोणात नऊ तांबडे किडे आणले, वर फडकं बांधलेलं. ते सोडले. "आता थांबा."

राणी तिथंच जमिनीवर बसली. तीन दिवस बसली. शेंडे सरळ होत गेले. पहिली मूठ तिनं स्वतः उचलली, माळ्याच्या घरी नेली. त्याचा म्हातारा बाप आजारी होता, त्याला दिली. दुसरी मूठ लेकीला दिली.

राजकन्या महिनाभरात बरी होत चालली. एका सकाळी भिवरा आणि राणी खापरांना पाणी घालीत होत्या. ओसरीवर काही हललं. राजकन्या खांबाला धरून उभी होती! राणी उठायला गेली, भिवरेनं तिचा हात दाबून धरला. राजकन्येनं खांब सोडला. एक पाऊल टाकलं, डुलली. दुसरं टाकलं. तिसरं टाकलं. दासी बघत उभ्या, माळी बघत उभा, कुणी श्वास घेईना. अंगण ओलांडून पोर खापराशी आली, वाकली, मेथीचं एक पान खुडलं, तोंडात घातलं आणि म्हणाली, "आई, कडू आहे!"

राणी हसली, रडली, काय करते आहे तिचं तिला कळेना. भिवरा मोठ्यानं हसली, आणि सगळा वाडा हसायला लागला.

जे अंकुराईनं भिवरेला दिलं, राणीला दिलं, ते इथं बसलेल्यांना मिळो. तुमच्या खिडकीत, ओट्यावर, गच्चीवर हिरवं पान येवो, विषाशिवाय वाढो, लेकराबाळांच्या मुखी लागो. ही शंभर पानांची कहाणी, ओंजळीत मावेल एवढी सांगितली. सुफळ झाली, संपूर्ण झाली.