सत्काराची शाल

नगरसेवक भाऊसाहेब थोरवडे सत्काराचे भारी हावरट. गटाराचं झाकण बसवलं तरी यांना शाल हवी! घरात शालींचे ढीग लागले होते.

त्यांचा गेमचा कन्सोल दहा मिनिटांत तापून बंद पडायचा. दुरुस्तीवाल्या वैजूच्या दुकानात मात्र तोच दिवसभर बिनबोभाट चालायचा. तिसऱ्या खेपेला भाऊसाहेबांनी तिला घरी बोलावून चारचौघांत झापलं, "तुला काडीची अक्कल नाही. उद्या दुकानाला टाळं ठोकतो!"

वैजूने पाहिलं, तर काचेच्या बंद कपाटात कन्सोल आणि त्याच्यावर सत्काराची जाड शाल.

"चुकलंच माझं. आधी तुमचा सत्कार करते," ती म्हणाली. सवयीने भाऊसाहेबांची मान पुढे झुकली. वैजूने कन्सोलवरची शाल काढून त्यांना लपेटली, वर आणखी दोन चढवल्या आणि पंखा बंद केला. एप्रिलमधली दुपार होती. भाऊसाहेब घामाने निथळू लागले.

"काढ गं बाई, जीव गुदमरतोय!"

"आत्ता कुठे तीन मिनिटं झाली," वैजू म्हणाली. "कन्सोल बिचारा दहा मिनिटं तग धरतो. बोला भाऊसाहेब, दोघांपैकी दुरुस्ती कुणाची करू?"